गुडघ्यावरचे दोन टाके

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या आतेबहिणीने तुम्हाला आपला गुडघा दाखवला. मोबाईलच्या इतका जवळ धरला की पांढऱ्या पट्टीपलीकडे तुम्हाला काही दिसलंच नसेल. तेव्हा तुमच्यातल्या धाकट्याने फार काळजीने विचारलं, की हे फिट आल्यामुळे झालं का? त्यावर ती फुरंगटून उठून गेली आणि मोबाईल माझ्या हातात आला. मी इकडचं तिकडचं बोलून वेळ मारून नेली. बाळा, तुझं काही चुकलं नाही. आमच्या घरात गेली पाच वर्षं प्रत्येक जखमेला पहिला प्रश्न हाच विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांत सगळ्यांत पुढे मी असते. पण या वेळी तिला तोच प्रश्न का नको होता, हे कळायला मागचं सांगावं लागेल. तेव्हा क्रमाने लिहिते. बाबाकडून वाचून घ्या, त्याला माझं अक्षर लागतं.

ती चार वर्षांची असताना मी दौंडला तुमच्या आत्याकडे गेले होते. आत्या बँकेत आणि आतोबा रेल्वेच्या ड्युटीवर, म्हणून घरात आम्ही दोघीच. सकाळी ती क्वार्टरच्या ओसरीवर काड्यापेट्यांची आगगाडी करत बसली होती. एकाएकी ताठ झाली, आडवी पडली आणि हातपाय झाडू लागली. मी फिट कधी पाहिली नव्हती, पण वाचली होती. शिक्षिकेचं ट्रेनिंग घेताना आम्हाला प्रथमोपचाराचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. त्यातलं ते पान, त्यावरचं चित्र, सगळं मला लख्ख आठवलं. रुमालात चमचा गुंडाळा आणि दातांमध्ये ठेवा, म्हणजे जीभ चावली जाणार नाही. तेवढ्यात शेजारची बाई पायातली चप्पल हातात घेऊन धावत आली, हुंगवायला. मी तिला कोपराने बाजूला सारलं, असला अडाणीपणा इथे नको म्हणून सुनावलं, आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चमचा घातला. पुढचा दुधाचा दात कटकन तुटला.

पुढे पुण्यातल्या डॉक्टरांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. तोंडात कधीही काहीही घालायचं नाही, असं त्यांनी बजावलं. ते पुस्तक जुनं झालं, आता असं कोणी करत नाही. मग त्यांनी शेजारणीचं विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "चपलेने निदान काही मोडलं तरी नाही." आम्ही दौंडला परतलो. दुसऱ्याच दिवशी डबाभर करंज्या घेऊन शेजारणीकडे गेले आणि तिची माफी मागितली. तिने करंज्या ठेवून घेतल्या, माफीही दिली. पण फिट थांबली ती चप्पल जवळ आणली म्हणूनच, हे तिचं म्हणणं आजही कायम आहे.

काय करायचं ते डॉक्टरांनी नीट शिकवलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि थांबायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर मात्र दवाखाना गाठायचा. हे मी मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलं. गॅसची टाकी आणणारा माणूससुद्धा आता ते न बघता म्हणून दाखवतो.

तिच्या आईबाबांच्या कामाच्या वेळा अशा, की तिच्याजवळ सतत कोणी राहणं दौंडला जमेना. मी निवृत्त, आणि शाळा माझ्या गल्लीच्या तोंडाशी. म्हणून पहिलीपासून ती शिरूरला माझ्याकडे आली. शनिवारी दुपारच्या एसटीने आम्ही दोघी दौंडला जातो, रविवारी संध्याकाळी परत. सकाळी आठ आणि रात्री आठ ही गोळीची वेळ, ती आजवर चुकलेली नाही. फिटला ती 'लाईट जाणं' म्हणते. हा शब्द तिचा तिनेच शोधला. शुद्धीवर आली की आधी डोळे किलकिले करते आणि विचारते, "लाईट गेली होती का?" आम्ही हो म्हणतो. मग ती पाणी मागते.

तिची लाईट जायची ती मात्र उभ्याउभ्या. हात टेकवायलाही सवड नाही, सरळ पुढे. त्यामुळे जे काही समोर असेल ते कपाळावर बसायचं. तिसरी संपेपर्यंत डाव्या भुवईचे दोन भाग झाले होते, हनुवटीवर एक खूण, कानामागे एक. टेबलाच्या कोपऱ्यांना मी जुन्या गोधडीच्या पट्ट्या शिवल्या, न्हाणीघराची कडी काढून टाकली, आणि तांब्या-घंगाळ जाऊन प्लॅस्टिकचा मग आला. इथल्या दवाखान्यात तर ती इतकी रुळली, की टाके घालायच्या आधी दर वेळी निळा दोरा आला का म्हणून विचारायची. दोरा काळाच असायचा.

यंदा चौथीत गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत शाळेत तीनदा टाके पडले. तिसऱ्या वेळी मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. या नववीत माझ्या वर्गात होत्या, आणि बडबडीबद्दल मी त्यांना एकदा पूर्ण तास दाराबाहेर उभं केलं होतं. त्या ते विसरलेल्या नाहीत. मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि अडखळत सांगितलं, की वर्गातल्या मुली घाबरतात, पालक विचारायला येतात, आणि उद्या काही जास्त झालं तर जबाबदारी त्यांच्यावर येईल. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघू. तोवर शाळेत पुन्हा टाके पडले, तर तिला घरी ठेवा, अभ्यास आम्ही पाठवू, परीक्षेला तेवढी आणा.

"नियम म्हणजे नियम, हे तुम्हीच शिकवलंत, बाई," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मी तिला खरं ते सांगितलं. तिच्यापासून लपवून काही उपयोग नसतो. ती म्हणाली, "म्हणजे मला इथे एकटीलाच बसायचं? तुझ्याबरोबर?" ज्या आवाजात तिने 'तुझ्याबरोबर' म्हटलं, तो ऐकून मी उठले आणि कामाला लागले.

आधी हेल्मेट आणलं. तिच्या मापाचं मऊ हेल्मेट शिरूरमध्ये कुठून मिळणार? क्रिकेटचं मिळालं. ते घालून तिला फळ्यावरचं दिसेना आणि बाईंचं ऐकू येईना. मधल्या सुट्टीत मुली तिला बॅट कुठाय म्हणून विचारू लागल्या. चार दिवस तिने सोसलं, पाचव्या दिवशी हेल्मेट आमच्या फाटकाच्या खांबावर अडकवून तशीच शाळेत गेली.

ते तिथे लटकताना समोरच्या आबांनी पाहिलं. आबांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मेंढरांमागे काढली. आता गावाबाहेर त्यांचा ऊस आणि कांदा आहे, तो मुलगा बघतो, आणि आबा सकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात. ते हेल्मेट हातात घेऊन माझ्या दारात आले.

"बाई, पोरीच्या डोस्क्यावर बादली कशापायी घालता?"

मी कारण सांगितलं. आबांनी डोक्यावरचा लाल पटका उतरवला. असं ते कुणासमोर करत नाहीत. मग माझ्यासमोर मान खाली घातली.

"हात लावून बघा. झाडावरनं पडलो, मेंढरामागं पळताना दरडीवरनं पडलो, बैलानं उचलून आपटलं. येक टाका न्हाई."

मी खरोखर हात लावून पाहिला. सगळीकडून गुळगुळीत होतं. तरी मला शंका होती. मुलीला पटका शोभेल का, असं मी विचारलं.

"पोरीला मी कवा बांधला न्हाई," आबा म्हणाले. "पण डोकं ते डोकंच की."

त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या एका जुन्या पटक्याचे दोन तुकडे केले. कपाळाच्या आणि मागच्या बाजूला आतून घोंगडीची दुहेरी पट्टी घातली. घोंगडी टोचते म्हणून तिला मी माझ्या जुन्या सुती साडीचं अस्तर लावलं. बांधायची रीत तर बघण्यासारखी. डोक्यावर बांधत बसलं तर पोर हलणार, म्हणून आबा ओट्यावर बसतात, एक गुडघा उभा करतात आणि पटका त्या गुडघ्यावर गुंडाळतात. पीळ देत, दाबत, शेवटचं टोक आत खोचत. मग तो अख्खा उचलून तिच्या डोक्यावर ठेवतात. बरोब्बर बसतो. आबांचा गुडघा आणि तिचं डोकं एका मापाचं आहे, हे आम्हाला तेव्हाच कळलं. रोज सकाळी साडेनऊला ती दप्तर घेऊन त्यांच्या ओट्यासमोर उभी राहते आणि आबांची म्हातारी आतून विचारते, "झाला का गं राजाभिषेक?"

पुण्याच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो सगळीकडून अंगठ्याने दाबून पाहिला. कपाळ आणि मागची बाजू चांगली झाकली जाते, हनुवटी मात्र उघडीच राहणार, असं म्हणाले. फिट ओसरली की लगेच काढायचा, उन्हात फार वेळ ठेवायचा नाही. गोळीचं प्रमाण त्यांनी थोडं बदललं आणि जाताना पटक्याचा फोटो काढून घेतला.

शाळेत लाल रंग चालेना, गणवेश निळापांढरा. मी बाजारातून निळ्या रंगाची पुडी आणून घरीच पटका रंगवला, मीठ घालून उकळला, सगळं पुडीवर लिहिल्याप्रमाणे. पुड्यांवर आणि पुस्तकांवर माझा विश्वास अजून फार आहे. पहिल्याच दिवशी घामाने रंग सुटला आणि ती कपाळापासून नाकापर्यंत निळी होऊन घरी आली. कवायतीच्या सरांनी तिला, गॅदरिंगला अजून वेळ आहे, असं सांगितलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवसापासून आबांच्या जुन्या धोतराचा पांढरा पटका. त्यालाही मोठ्या बाईंनी नाक मुरडलं, पण हो म्हणाल्या.

शनिवारची एसटी ही वेगळीच गंमत. फेटा बांधलेली मुलगी पाहिली की लोकांना लग्नच आठवतं. न्हावरा येईपर्यंत तीन जण तरी विचारतात, कुणाचं लग्न? सुरुवातीला ती लाजायची. मग चुलत मामाचं, मग मावशीचं, असं सांगू लागली. एकदा कंडक्टरने विचारलं, तर म्हणाली आजीचं. पुढचा सगळा रस्ता बसमधल्या बायका माझ्याकडे वळून बघत होत्या. दौंडच्या चर्चमध्ये निराळाच पेच. आमच्यात पुरुषांनी आत येताना डोकं उघडं करायचं आणि बायकांनी पदराने झाकायचं. पटका पुरुषाचा, डोकं मुलीचं. पहिल्या रविवारी दारातल्या काकांनी तिला तो काढायला सांगितला, तेवढ्यात त्यांच्या पत्नीने काकांना गप्प केलं. शेवटी पाळकसाहेबांनी निकाल दिला, की झाकलेलं डोकं मुलीचं आहे, तेव्हा झाकलेलंच राहू द्या. आता ती तिथे छोट्या मुलांच्या रांगेत सगळ्यांत उंच दिसते.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी तिची लाईट गेली. पुढे झेंड्याच्या खांबाचा दगडी ओटा होता. मी तेव्हा घरी डाळ निवडत होते, मला नंतर सांगितलं ते असं. ती कपाळावरच आपटली आणि दगडाचा आवाज आलाच नाही. तिच्या शेजारच्या दोघी मुलींना तिने भिंतीवरचा कागद आधीच पाठ करून घेतला होता. एकीने तिला कुशीवर वळवलं, दुसरीजवळ घड्याळ नव्हतं म्हणून तिने मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली. तिच्या मागच्या रांगेने मोजायला घेतलं, मग सगळ्या चौथीने, मग सगळ्या शाळेने. खिचडी करणाऱ्या मावशी कांदा फोडून धावत आल्या, त्यांना दुसरीच्या पोरांनी अडवलं. ही शुद्धीवर आली तेव्हा पाचशे मुलं एका सुरात एकशे चौतीस म्हणत होती. तिला वाटलं, पाढे चालू आहेत, आणि आपल्याला येत नाहीत. ती रडली ती तेवढ्यासाठी.

पटका सोडून पाहिला. कपाळावर लाली, बाकी काही नाही. टाका नाही. मोठ्या बाईंनी मला फोन करून सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "आबांना माझा नमस्कार सांगा." पण अट अटच राहिली.

त्यानंतर गोळी लागू पडली असावी. फिटांमधलं अंतर वाढत गेलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फिटच्या दिवसाला गोल करते, ऑक्टोबरमध्ये एकच गोल होता. दिवाळीची सुट्टी दहा दिवसांवर आली. मी रोज सकाळी, आजचा दिवस जाऊ दे, अशी प्रार्थना करायची. आणि सुट्टीला चार दिवस उरले असताना दुपारी शाळेतून फोन आला, की तुमच्या नातीला टाके घालायला नेतोय.

मी घड्याळ घेतलं, डॉक्टरांची फाईल घेतली, आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की पायांत दोन वेगवेगळ्या चपला आहेत. दवाखान्यात ती बाकावर पाय लांब करून बसली होती. अंगभर मुरूम, पटका तिरका, हातात कवायतीच्या सरांनी दिलेला बिस्किटचा पुडा. मी जवळ गेले, तिच्या डोळ्यांत बघितलं, घड्याळ काढलं आणि सरांना विचारलं, किती वेळ होती?

"आजी, घड्याळ आत ठेव," ती म्हणाली. "लाईट नव्हती गेली. मी नुसती पडलेय."

झालं होतं असं. खो-खोच्या तासाला एक मुलगी कमी होती. ही रोज बाजूला बसून बघायची. सरांनी तिला नववी खेळाडू म्हणून चौकात बसवलं. तिला खो मिळाला, ती उठली आणि पळणाऱ्या मुलीला धरायला तिने अंग झोकून दिलं. हात पोचला. गडी बाद झाला. गुडघा मुरुमावर घासत गेला. दोन टाके. या वेळी निळ्या दोऱ्याचं विचारायलाही ती विसरली, कारण तो गडी बाद धरला की नाही हे ती सरांना पुन्हा पुन्हा विचारत होती.

मला हसू येत होतं, पण अटही आठवत होती. शाळेत टाके पडले होते. मोठ्या बाईंच्या अटीत डोकं की गुडघा असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्या ऑफिसात गेलो. काय बोलायचं ते मी मुद्दे काढून नेलं होतं. मोठ्या बाईंनी कपाटातून अपघात नोंदवही काढली. मला ती उलटी दिसत होती, पण आयुष्यभर मुलांच्या वह्या समोरून वाचल्यावर उलटं वाचायची सवय होते. तारीख, नाव, जागा, कारण, उपचार. तिच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात तीनदा एकच शब्द होता, 'आजार'. त्यांनी पेन उघडलं. तारीख लिहिली, नाव लिहिलं, आणि कारणापाशी थांबल्या.

मी माझा पहिला मुद्दा मांडणार, तेवढ्यात ही बोलली. "मोठ्या बाई, गेल्या आठवड्यात सातवीच्या ताईचा ओठ फाटला खो-खोच्या खांबावर आपटून. तिला पण घरी बसवलं का?"

मोठ्या बाईंनी मागचं पान उलटून सातवीच्या मुलीची नोंद पाहिली. मग पुढच्या पानावर येऊन सावकाश लिहिलं, 'खो-खो खेळताना'. मी ते उलटं वाचलं आणि खात्री करायला पुन्हा वाचलं.

"बाई," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही मला बाहेर उभं केलंत तेव्हा आत घेताना काय सांगितलंत आठवतं? आधी प्रश्न नीट वाच, मग उत्तर लिही. माझी अट आजाराची होती. ही खेळाची जखम आहे." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "गडी बाद होता का?"

"होता," ही म्हणाली. "सरांना विचारा."

सुट्टीनंतर ती शाळेत जाणार आहे. सर मैदानावर असतील तेव्हा खो-खोही खेळणार आहे, पटका बांधून. हे डॉक्टरांनाही फोनवर विचारलं, त्यांनी हो म्हटलं. घरी जाताना आबांच्या ओट्यावर तिने पट्टी दाखवली. आबांनी आपला गुडघा पुढे केला, तिचा बघितला आणि विचारलं, "आता ह्याला पटका बांधायचा, तर माप घ्यायला कुणाचं डोकं आणू?"

परवा ती तुम्हाला दाखवत होती ती जखम ही. आता कळलं ना, ती का फुरंगटली?

हे लिहिणं फराळाच्या गडबडीत अर्धं राहिलं होतं. काल टाके काढले. डॉक्टर म्हणाले, जखम छान भरलीय, थोडी खूण तेवढी राहील. तिने दोनदा विचारून घेतलं, नक्की राहील ना? नाताळात याल तेव्हा ती तुम्हाला आधी गुडघाच दाखवेल. तेव्हा गडी कसा बाद केला ते विचारा, आणि सगळं ऐकून घ्या. सांगायला तिला अर्धा तास लागतो.